काळ्या मातीचा चिखल मडगार्डला चिकटू नये म्हणून

मोटरसायकलच्या क्रॉस कंट्री (कच्च्या, खडबडीत वाटेवरच्या) शर्यतीचा सराव नवीनच सुरू केला असेल, तर नागपूरच्या पावसाळ्यात काळी माती मडगार्डखाली थापली जाऊन चाकच जाम होतं.

१. पुढचं मडगार्ड चाकाला लागून असेल तर आधी उंच मडगार्ड बसवा. हे टाळू नका.
२. आदल्या रात्री गाडी धुऊन वाळवा. कापडावर थोडं गोडेतेल घेऊन मडगार्डच्या आतून आणि बॅश प्लेटच्या (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याच्या) खालून पातळ हात फिरवा. चिखल बसतो, पण झटकला की सुटतो.
३. परतल्यावर त्याच दिवशी धुवा, विशेषतः इंजिनच्या फिन्स (इंजिन थंड ठेवणाऱ्या पट्ट्या). ही माती वाळली की दगड होते.

ब्रेक डिस्क, पॅड, टायर, फुटरेस्टला तेलाचा थेंबही लागू देऊ नका.