गाल ओला असताना हात आवरा

रेखाटन बरं जमतं, सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकता येतो आणि आता जलरंगात चेहरे करायचेत, अशांसाठी हे लिहितोय. कागदावर मात्र कंजुषी नको. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, पूर्ण कॉटनचा घ्या. स्वस्त कागद भराभर सुकतो आणि दुसरा थर देताना खालचा रंग उखडतो.

आता खरी गोम. वॉश टाकल्यावर कागद आधी चकाकतो. मग चकाकी जाते, पण आत ओल राहते. शेवटी तो पूर्ण सुकतो. चकाकतोय तोवर रंगात रंग सोडा, सुकल्यावर वर थर द्या. मधल्या वेळात लांब राहा! तेव्हा ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल, तर ते रंगाचे कण ढकलत नेतं आणि कडेला सोडतं. गालावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उठतो. निसर्गचित्रात तो झुडूप म्हणून खपून जातो, चेहऱ्यावर त्वचारोग वाटतो. पुसायला गेलात की आणखी पाणी, आणखी डाग. मी यात बराच काळ अडकलो होतो, अजूनही हात शिवशिवतोच. चकाकी गेली म्हणजे सुकला असं समजू नका. हाताची मागची बाजू टेकवून बघा; गार लागला तर ओल आहे. अगदीच राहवत नसेल तर ब्रश फडक्यावर टिपून घट्ट रंग लावा.

हात का जातो? साम्य येत नाही म्हणून. पण साम्य गालात क्वचितच असतं. डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालची आणि खालच्या ओठाखालची सावली यांचे आकार चुकले की माणूस हरवतो, आणि ते रेखाटनातच बघायचं असतं.

तयार ‘फ्लेश टिंट’ची, म्हणजे कातडीच्या रंगाची, ट्यूब कशाला घेतात, मला कळत नाही. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एक लाल आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांत गोरी-सावळी सगळी कातडी निघते. सावलीत काळा नको, बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन घाला. रंग सुकल्यावर फिका पडतो, तेव्हा घाबरत लावू नका.

वेग वाढवलेले व्हिडिओ सुकण्याचा वेळच कापून टाकतात; ते बघून घाई शिकाल. तुमच्या चित्रावर स्वतः हात फिरवून ‘हं, आता झालं’ म्हणणाऱ्या गुरुजींपासूनही जपून. त्यापेक्षा चित्रकार सा. ल. हळदणकरांची जलरंगातली दिवा धरलेली स्त्री बघा, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली. ज्योतीआड धरलेली बोटं कशी उजळलीत! जलरंगात असा उजेड खालच्या कागदाचा असतो, त्यामुळे तो आधीपासून राखावा लागतो.

सुरुवातीचे चेहरे मळकट होणारच, सगळ्यांचे होतात. ते फाडू नका. मागची बाजू कोरी असते, तिच्यावर नुसत्या नाकाखालच्या सावल्या करत बसा.