दोन तांबडे पट्टे, तीन चांदण्या: ढाल रेखाटण्याआधीची तयारी

नमुन्याला इंग्लंडमधल्या वॉशिंग्टन घराण्याची ढाल, म्हणजे ढालीच्या आकाराचं कुलचिन्ह, घ्यावी: रुपेरी भूमी (मागचा रंग), तिच्यावर दोन तांबडे आडवे पट्टे आणि माथ्याशी तीन तांबड्या चांदण्या. 1938 साली वॉशिंग्टन डी.सी. शहराने झेंड्यासाठी हीच रचना घेतली.

पेन्सिल उचलण्याआधी ढालीचं असं शब्दांतलं वर्णन नीट वाचून पट्टे मोजा. मधोमध एकच रुंद पट्टा असला तर तो 'फेस', जसा ऑस्ट्रियाच्या तांबड्या ढालीवरचा पांढरा. दोन किंवा जास्त असले तर ते 'बार', आणि ते अर्थातच अरुंद. संपूर्ण ढालच सम संख्येच्या पट्ट्यांत विभागलेली असेल तर ती 'बॅरी'. हंगेरीच्या आर्पाद राजांचे तांबडे-रुपेरी आठ पट्टे या प्रकारचे. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा रंग एकच निघाला तर ती बॅरी नव्हे, एका भूमीवर टाकलेले बार आहेत. वर्णन पट्ट्यांची संख्या ठरवते, मापं मात्र चितारणाऱ्याने ठरवायची असतात. उजव्या-डाव्याचा नेहमीचा घोळ (ढालीची उजवी बाजू ती धरणाऱ्याची, पाहणाऱ्याची नव्हे) आडव्या पट्ट्यांत होत नाही, तेवढी सुटका.

ए-फोर कागद उभा धरा. ढालीची रुंदी 18 सेंमी, सरळ कडा 6 सेंमी. तिथून खाली प्रत्येक बाजूची कमान समोरच्या सरळ कडेच्या खालच्या टोकावर केंद्र धरून 18 सेंमी त्रिज्येने काढायची. टोक वरून साधारण 21.6 सेंमीवर येतं. कंपासपेटीतला कंपास एवढा उघडत नाही, म्हणून जाड कागदाच्या पट्टीला 18 सेंमी अंतरावर दोन भोकं पाडून ठेवा: एकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिल.

आता मुख्य काम. उंचीचे सरळ पाच समान भाग केले तर प्रत्येक 4.3 सेंमीचा होतो. चांदण्या कोंबल्यासारख्या दिसतात आणि खालचा निमुळता तुकडा उगाच किरकोळ वाटतो. त्यापेक्षा वरची पांढरी जागा 6 सेंमी ठेवा, मग तांबडा, पांढरा, तांबडा प्रत्येकी 3.5 आणि उरलेले 5.1 सेंमी टोकाला. 3.5 सेंमी व्यासाच्या तीन चांदण्या एका ओळीत बसवल्या की दोन्ही कडांशी आणि मधे साधारण 1.9 सेंमी मोकळे राहतात. प्रत्येकीला पाच टोकं, एक टोक वर.

रुपेरीसाठी कागद पांढराच सोडला तरी चालतो. चंदेरी रंग वापरायचा हट्ट असेल तर तो आधी वेगळ्या कागदाच्या तुकड्यावर वाळवून पाहा, काही काळपट पडतात. तांबडा पोस्टर कलर घट्टसर हवा. पातळ झाला की मास्किंग टेपखाली झिरपतो. टेप लावण्याआधी कापडावर एकदा चिकटवून काढा, नाहीतर उचलताना कागद सोलतो.

काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी प्रत हवी असेल तर रेघांचा संकेत लक्षात ठेवा: तांबड्याला उभ्या रेघा, निळ्याला आडव्या, सोन्याला ठिपके, रुप्याला काहीच नाही. निळ्या ढालीवर आडवे पट्टे असले की त्या रेघा नि पट्ट्यांच्या कडा एकमेकांत मिसळतात. तिथे कडा रेघांच्या निदान तिप्पट जाड ओढा.