ग्राइंडरच्या चकतीवरची तारीख वाचावी
चार इंची ग्राइंडरला कापायची चकती लावण्यापूर्वी तिच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर छापलेला मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष अवश्य पाहावे, कारण चकतीतील कण धरून ठेवणारे रेझिन ओलावा शोषून हळूहळू कमकुवत होते आणि म्हणूनच तिची मुदत साधारण ३ वर्षांची असते. ठाण्यात, विशेषतः खाडीलगतच्या कळवा-कोपरी भागात, पावसाळाभर उघड्यावर राहिलेली चकती मुदतीतली असली तरी मी वापरत नाही. कमकुवत चकती फिरताना फुटू शकते; काही रुपयांसाठी डोळा कशाला पणाला लावायचा? चकतीवर लिहिलेले कमाल फेरे, म्हणजे १०० मिमीसाठी बहुधा मिनिटाला १५,२००, यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत. गार्ड, म्हणजे चकतीभोवतीचे संरक्षक आवरण, काढू नये. नवी चकती बसवल्यावर यंत्र अंगापासून दूर धरून अर्धा मिनिट मोकळे फिरवावे आणि चकती डुगडुगल्यास ती काढून टाकावी.