पावसात मुलांना घेऊन डोव्हरचा किल्ला

इंग्लंडला नव्याने आलेली कुटुंबं शनिवारी पाऊस दिसला की बेत रद्द करतात. असं केलंत तर अख्खा हिवाळा घरात जाईल. त्यापेक्षा पावसात पाहता येईल अशी जागा निवडा. केंटमधला डोव्हरचा किल्ला त्यासाठी उत्तम, कारण त्यातलं बरंच काही छपराखाली किंवा चक्क जमिनीखाली आहे.

लंडनच्या सेंट पँक्रसहून हायस्पीड गाडीने डोव्हर प्रायरी स्टेशन सव्वा तासाच्या आसपास. ‘फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड’ या रेल्वेच्या सवलत-कार्डावर मोठ्यांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वर्षांच्या मुलांना ६० टक्के सूट मिळते, पण सोबत एका तरी मुलाचं तिकीट लागतं. मूल पाचाच्या आतलं असेल तर ते एरवी फुकट जातं. तरी त्याचं बालतिकीट काढलंत की आईबाबांची सूट लागू होते. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत चांगलाच चढ आहे, पावसात टॅक्सीच करा.

किल्ला ‘इंग्लिश हेरिटेज’ या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. तिकीट आधी ऑनलाइन काढलं की स्वस्त पडतं. वर्षभरात अशा दोन-तीन मोठ्या जागा पाहणार असाल तर सरळ वार्षिक सभासदत्व घ्या. सभासदासोबत घरची मुलं फुकट येतात.

छत्री घरीच ठेवा. किल्ला समुद्राच्या कड्यावर आहे, तिथल्या वाऱ्यात ती पहिल्या पाच मिनिटांत उलटते. जॅकेट घेताना लेबल वाचा: ‘शॉवरप्रूफ’ म्हणजे भुरभुर सोसणारं, खऱ्या पावसाला ‘वॉटरप्रूफ’च हवं आणि आतून शिवणींवर पट्टी चिकटवलेली हवी. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. प्रत्येक मुलामागे मोज्यांचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या. बाबागाडी किल्ल्यातल्या मनोऱ्याच्या गोल जिन्यात चढत नाही. तान्ह्या बाळाला अंगावर बांधायचं कॅरियर न्या.

किल्ला उघडताच आधी भुयारं गाठा. तिथे गटागटाने सोडतात आणि पावसाच्या दिवशी दुपारपर्यंत सगळे तिकडेच वळतात. मग रांगेत भिजावं लागतं. नेपोलियनच्या काळात सैनिकांच्या बराकींसाठी खोदलेल्या या बोगद्यांतूनच ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल रॅम्से यांनी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधल्या डंकर्कला अडकलेल्या सैनिकांची सुटका चालवली. २६ मे ते ४ जून या काळात ३,३८,००० हून अधिक सैनिक परत आणले गेले. याच भुयारांतल्या युद्धकाळातल्या इस्पितळाच्या फेरीत दिवे जातात, बाँबचे आवाज येतात. लहानांना आत जाण्याआधीच सांगून ठेवा, नाहीतर मध्येच रडारड होते.

मग इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याचा मनोरा. ११८० च्या दशकातला. भिंती काही ठिकाणी सहा मीटरहून जाड आहेत. खिडकीच्या कोनाड्यात मुलाला उभं केलंत की ती जाडी त्याला आपोआप कळते. आतल्या दालनांत राजाच्या काळासारखं भडक रंगांचं सामान मांडलंय. आपले गड कड्याकपारींच्या जोरावर उभे राहिले, इथे सगळी भिस्त तटांवर होती. राजगड-रायगड चढलेल्या मुलांना हा फरक लगेच दाखवता येतो.

पाऊस उघडला की उत्तर टोकाकडे जा. १२१६ मध्ये किल्ल्याला वेढा घालणाऱ्या फ्रान्सच्या राजपुत्र लुईच्या माणसांनी तिथल्या दरवाजाच्या बुरुजाखाली भुयार खणून तो पाडला, पण किल्ला लढवणाऱ्या ह्यूबर्ट द बर्गने तो सोडला नाही. पुढे तो दरवाजा कायमचा बुजवला आणि त्या बाजूने बचावासाठी भुयारं काढली. तीही पाहता येतात. वारा फार असेल तर गच्ची आणि तटावरची वाट बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ पाहा.

डब्यात धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या न्या, थर्मासमध्ये चहा. धपाटे-पुऱ्या गार झाल्या तरी चालतात आणि उपाहारगृहात शाकाहारी काय मिळेल याची चिंता नको.

घरी आल्यावर ओले कपडे बंद खोलीत हीटरवर टाकू नका. इथल्या घरांत त्या ओलीने भिंतींना बुरशी धरते. न्हाणीघरात दार लावून, हवा बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवून वाळवा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला.