वसुंधरेसाठी सर्वधर्म प्रार्थनासभा ठरवताय? आधी एवढं बघा

तारीख सगळ्यात आधी. २२ एप्रिलचा वसुंधरा दिन धरा नाहीतर २१ सप्टेंबरचा शांतता दिन, पंचांगाशेजारी हिजरी कॅलेंडर हवंच. सप्टेंबरात गणपती येऊ शकतात आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. वाराचं गणित त्याहून किचकट. शुक्रवारी दुपारी मुसलमानांची जुम्म्याची नमाज. त्याच दिवशी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत बेने इस्रायली मंडळींचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, शब्बाथ (विश्रांतीचा दिवस). तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत ते यामुळेच. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा. कामाचे वार सोडले, तर उरते त्या तारखेजवळच्या रविवारची संध्याकाळ. असरची (दुपारनंतरची) नमाज झाली की बसायचं आणि मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) आत उठायचं, म्हणजे हातात जेमतेम सव्वा तास. त्या दिवसाच्या नमाजच्या वेळा मशिदीत विचारून घ्या.

आमंत्रण द्यायला स्वतः जा आणि तिथंच स्पष्ट सांगा, की सगळ्यांनी मिळून एकच प्रार्थना म्हणायची नाहीये. २७ ऑक्टोबर १९८६ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीतल्या असिसीला सगळ्या धर्मांच्या लोकांना बोलावलं, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या रीतीने प्रार्थना केली. सरमिसळ केली की कुणाचंच समाधान होत नाही, असं माझं मत आहे. प्रत्येकाला पाच मिनिटं, आधी दोन वाक्यांत मराठीत अर्थ. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. वारली किंवा कोकणा आदिवासींचे भगत (पुजारी) येणार असतील तर तेही याच क्रमात. शेवटी तारपा वाजवण्यापुरतं बोलावू नका. जमिनीबद्दल बोलायला त्यांच्याइतका हक्काचा माणूस तुम्हाला दुसरा कोण मिळणार?

गुरुद्वाऱ्यातल्या ग्यानीजींना गुरु ग्रंथ साहिब आणण्याचा आग्रह करू नका, त्याची मर्यादा (मान राखण्याचे नियम) सभेत सांभाळता येत नाही, अरदास (शिखांची प्रार्थना) होईल. डोकं झाकायला धुतलेल्या रुमालांची टोपली दाराशी ठेवा. मूर्तीपुढे समई लावायला मौलानांना बोलावून अडचणीत टाकण्यापेक्षा मधोमध मातीची कुंडी ठेवावी आणि सगळ्यांनी तिला तांब्याने पाणी घालावं. भंतेजींशी (बौद्ध भिक्खूंशी) किंवा जैन साध्वींशी हस्तांदोलन करायला कुणी हात पुढे करू नये, हे स्वयंसेवकांना आधीच सांगा.

स्टेज नको. सेवाग्रामला आजही रोजची प्रार्थना उघड्यावर, जमिनीवर बसून होते. सतरंज्या गोलात अंथरा, म्हाताऱ्यांना खुर्च्या द्या. नगरसेवक आले तर त्यांनाही सतरंजीच. फ्लेक्स अजिबात नको. वसुंधरेसाठी प्रार्थना आणि वर प्लास्टिकचा फलक, हे कसं दिसतं ते तुम्हीच बघा. माइक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते, अर्ज वेळेत टाका.

खाण्यात बटाटेवड्याचा मोह आवरा, बटाटा आणि लसूण दोन्ही जैनांना चालत नाहीत. केळी, खजूर, कोकम सरबत, माठातलं पाणी, स्टीलचे पेले. जैन मंडळींना सूर्यास्ताआधी वाढा. भंतेजी दुपारी बारानंतर जेवत नाहीत, पण सरबत घेतात.

रोपं लावायचा बेत असेल तर एप्रिलमध्ये मुळीच नको. त्या दिवशी कोण कुठलं झाड सांभाळणार एवढंच वहीत लिहून घ्या आणि खड्डे खणून ठेवा. कडुनिंब, करंज, बहावा जुलैत लावा, पाऊस नीट धरल्यावर.