सखीचं खरं आणि आपलं ‘खरं’: न ऐकणाऱ्या प्रेमाची कविता कशी बांधावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बोलीत ‘खरं’ हा शब्द दोन कामं करतो. एक म्हणजे सत्य. दुसरं म्हणजे ‘पण’. “येतो म्हणाला, खरं आला नाही.” जिच्यावर किंवा ज्याच्यावर जीव जडलाय ती व्यक्ती धड नाही, मैत्रिणी ओरडून सांगतायत, आणि तरी मन ऐकत नाही, या विषयावर कविता लिहायची असेल तर हा एक शब्द पुरेसा आहे. सखी सांगते ते खरं. खरं... बस, कविता इथंच वळते. पुढची सगळी खटपट हे वळण नीट बसवण्यासाठी.

सुरुवात प्रेमापासून करू नका. आधी कागदावर मैत्रिणीचे इशारे लिहून काढा, सात-आठ तरी हवेत. तिच्याच तोंडच्या वाक्यांत लिहा. मग त्यांतली मतं खोडा. “तो बरा नाही”, “तुला शोभत नाही”, “पुढं पस्तावशील” ही मतं, यांतून काही दिसत नाही. “दोन दुकानांत उधारी आहे”, “सोमवारी येतो म्हणतो नि शनिवारी उगवतो”, “फोन उचलताना अंगणात जातो” हे दिसतं. आठांपैकी तीन उरले तरी खूप झाले. एकही उरला नाही तर समजा, मैत्रिणीचं म्हणणं अजून आपण ऐकलेलंच नाही. कविता पुढं ढकला, आधी तिच्याशी बोला.

उरलेल्या इशाऱ्यांकडे बघून एक गोष्ट ठरवा. माणूस स्वतः बेभरवशाचा आहे, की फक्त घरच्यांच्या नि गल्लीच्या हिशोबात बसत नाही? सीमाभागात दुसरा प्रकार भरपूर: जात वेगळी, घरात कानडी, लग्न कुठल्या पद्धतीनं लावायचं यावरून वाद. या दोन्हींची कविता एक नसते. पहिल्या प्रकारात सखी त्याला घाबरते, दुसऱ्या प्रकारात ती लोकांना घाबरते. दुसऱ्या प्रकारात त्याचे दोष शोधत बसलात तर कविता खोटी पडते, कारण दोष त्याचा नसतोच. आणि इशारा हात उचलण्याबद्दलचा असेल, तर तो ‘उणेपणा’ म्हणून यमकात गोड करून घालू नये. ते काम कवितेचं नाही.

आता छंद. नवख्यानं गझलेच्या मागं लागू नये. रदीफ म्हणून, म्हणजे प्रत्येक शेराच्या (दोन ओळींच्या) शेवटी तोच परत येणारा शब्द म्हणून, ‘खरं’ घ्यायचा मोह होतो, तो शोभतोही. पण प्रत्येक शेरात त्याच्या आधी काफिया, म्हणजे यमक, जुळवायचा, वृत्तातले लघु-गुरू सांभाळायचे, या कसरतीत सखी हरवते. अष्टाक्षरी बरी. ओळीला आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत यमक. लघु-गुरूचं बंधन नाही.

अक्षरं मोजताना हमखास चुका होतात, कारण कान एक सांगतो नि कागद दुसरं. ‘सोमवार’ बोलताना शेवटचा ‘र’ अर्धा वाटतो, पण तो पूर्ण मोजायचा, म्हणजे चार अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, त्यामुळे ‘म्हणाली’ तीन. अनुस्वारानं अक्षर वाढत नाही, ‘खरं’ दोनच. एक ओळ बघा: “ब्याड म्हणाली शेजारीण”. कानाला बरी लागते, पण मोजली तर नऊ भरतात. ‘म्हणाली’चं ‘म्हणे’ करा:

ब्याड म्हणे शेजारीण,
नको म्हणे सखी माझी

दोन्ही आठ झाल्या. शिवाय ‘म्हणे’मुळे ओवीचा जुना सूर आला. ‘ब्याड’ म्हणजे इकडच्या कानडीतलं ‘नको’. तो तसाच ठेवा, इथल्या श्रोत्याला अर्थ सांगावा लागत नाही, आणि दोन भाषांनी एकच गोष्ट बजावली हे दोन ओळींत कळतं.

आता पहिलं कडवं. ते पूर्ण सखीला द्यायचं, आपण मध्ये तोंड घालायचं नाही:

सखी म्हणाली, “नको गे,
दोन दुकानी उधारी;
शब्द देतो सोमवारी,
येतो शनिवारी दारी.”

सखीला इतक्या चांगल्या ओळी का द्यायच्या? ती कमकुवत बोलली तर न ऐकण्यात काही जोखीमच उरत नाही. बहुतेक कविता इथंच फसतात. सखी जळकी निघते, लोक दुष्ट निघतात, आणि बोलणारी एकटी शहाणी. मग ते भांडण होतं. सखी अचूक असली पाहिजे, आणि तिला काळजी आहे हे एखाद्या अक्षरातून कळलं पाहिजे. वर ते काम ‘गे’ करतो. तो काढून ‘नको बाई’ घातलं तर अक्षर एक वाढतं, नि सूर सासूचा होतो.

दुसरं कडवं उत्तराचं. इथं नवखा कवी हमखास लिहितो: “प्रेम आंधळं असतं, मन माझं वेडं झालं”. मोजा, दोन्ही भाग आठ-आठ भरतात. छंद चोख आहे, पण दिसत काहीच नाही. उत्तर सखीनं दिलेल्या सामानातूनच यायला हवं. तिनं दोन वार दिले, दार दिलं, तेच उचला:

खरं सांगतीस सारं,
खरं शनिवारी जेव्हा
कडी वाजते दाराची,
सोमवार होतो तेव्हा.

पहिला ‘खरं’ म्हणजे सत्य, दुसरा म्हणजे ‘पण’. तिचा आरोप एका अक्षरानंही खोडलेला नाही, त्याला उशीर झालाच आहे. फक्त कॅलेंडर वाकलं. ‘जेव्हा-तेव्हा’ हे आयतं यमक आहे, एरवी टाळावं. इथं चालतं, कारण दोन वारांचा हिशोब त्याच्यावरच उभा आहे. शेवटच्या ओळीत ‘सोमवार’ एकटाच पहिली चार अक्षरं अडवतो, मग ‘होतो तेव्हा’ची चार. असा चार-चारचा तुकडा कडव्याच्या शेवटी ठेवला की ओळ बसते. प्रत्येक ओळीत ठेवला तर पाळणा झुलवल्यासारखं होतं.

‘सांगतीस’ हे रूप इकडचं आहे, ‘सांगतेस’ करून पुणेरी करू नका. पुण्याचा वाचक दुसरा ‘खरं’ सुद्धा सत्य म्हणूनच वाचेल ही अडचण खरी आहे. तळटीप देऊ नका. ‘खरं’ दोनदा लागोपाठ ओळीच्या आरंभी ठेवा, दुसऱ्यांदा त्याला अडखळायला होतं आणि तो मागं येऊन वाचतो. अख्ख्या कवितेत हा खेळ एकदाच. तिसऱ्या कडव्यात परत केलात तर युक्ती उघडी पडते.

सखीला उद्देशून बोलण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथांमध्ये, सखी बजावते नि नायिका ऐकत नाही हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. आणि कानडी बाजूला बाराव्या शतकातली अक्कमहादेवी, जगाला मान्य असलेला नवरा नाकारून चन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे शिवाला, पती मानणारी, आपल्या वचनांत (छोट्या कानडी भक्तिरचनांत) सोबतिणींना हाक मारून बोलते. वचनाला छंदाचं बंधन नसतं, पण हाक असते. ‘गे’, ‘अव्वा’, ‘अक्का’ यांतली एक हाक निवडा आणि शेवटपर्यंत बदलू नका. अक्का म्हणायचं असेल तर बोलणारी धाकटी होते, मग उत्तरात तेवढा अदबीचा सूर हवा. ‘सांगतीस’ चालणार नाही.

आवाज चढवू नका हेही बेळगावकडूनच शिकता येतं. इंदिरा संत यांनी बेळगावात राहून वर्षानुवर्षं लिहिलं, आणि त्यांच्या कवितेत दुःख साध्यासुध्या गोष्टींतून बोलतं. कडी, दिवा, ओला टॉवेल, शहापुरातल्या विणकरांच्या मागाचा आवाज, असं काही एक घ्या. कुंद्याची मिठाई आणि गोकाकचा धबधबा केवळ गाव दिसावं म्हणून आणू नका.

आटोपशीर हवं असेल तर अभंगाचा मोठा प्रकार वापरा. तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात:

उणे त्याचे सांग
सखे, रात्रभर
दिवा दारावर
ठेवीन गे

इथं उत्तर कुठंच दिलेलं नाही. ती ऐकायला तयार आहे, दिवाही सखीसाठीच असल्यासारखा आहे, फक्त तो दारावर आहे.

शेवट करताना तो सुधारला असं दाखवू नका, आणि सखीचंच बरोबर निघालं असंही नको. दोन्हीत कविता निकालपत्र होते. कडी वाजली, दार उघडलं की नाही ते सांगायचं नाही.

खरी नावं, खरी दुकानं टाळा. खडे बाजारातलं दुकान ‘कोपऱ्यावरचं’ म्हटलं तरी अर्धं बेळगाव ओळखतं. वार बदला, गल्ली बदला, जमल्यास धंदाही बदला.

कडोली, येळ्ळूर, उचगावच्या संमेलनांसारख्या ठिकाणी म्हणायची असेल तर सोळा ओळींच्या वर जाऊ नका. सावकाश म्हटल्या तर मिनिटभर लागतो. पहिला ‘खरं’ लांबवून, मान डोलवत म्हणायचा. मग श्वास घ्यायचा. दुसरा आखूड आणि खालच्या पट्टीत, जणू सखी दारापर्यंत गेलीय आणि तिला ऐकू जाऊ नये.