एआरमध्ये (ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे खऱ्या दृश्यावर डिजिटल चित्र) सीटी-एमआरआय दाखवायच्या रिसर्चला हात घालताय? या चुका टाळा

सीटीवरून बनवलेलं थ्रीडी मॉडेल हेडसेटमधून पेशंटच्या अंगावर दिसलं की सगळे खूश, व्हिडिओ निघतात, पण ते बरोबर जागी बसलंय का हे कुणी मोजतच नाही.

मॉडेलवर पायऱ्या दिसतायत? मग बहुतेक ५ मिमी जाडीच्या स्लाइसचा स्कॅन घेतलाय. स्मूदिंग मारून काही होत नाही, उलट बारीक रक्तवाहिन्या उडतात. १ मिमीच्या आसपासची सिरीज रेडिओलॉजीकडे आधीच मागून ठेवा.

मॉडेल हजारपट मोठं आलं तर घाबरू नका, एसटीएल फाइलमध्ये (थ्रीडी मॉडेलची फाइल) युनिटच नसतं, डायकॉम (स्कॅनचा फॉरमॅट) मिलिमीटरमध्ये चालतं आणि युनिटी (एआर ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) मीटरमध्ये.

डावं-उजवं मात्र डोळ्यात तेल घालून बघा! डायकॉम आणि थ्रीडी स्लायसर (स्कॅनवरून मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) यांच्या दोन अक्षांच्या दिशा उलट आहेत, तिथे गोंधळ झाला तर मॉडेल १८० अंशात फिरतं आणि ते लगेच कळतं, पण युनिटीचे अक्ष लेफ्ट-हँडेड, म्हणजे या दोघांच्या उलट, असल्यामुळे आरशातली प्रतिमा येऊ शकते आणि मेंदूसारख्या जवळपास सिमेट्रिक अवयवात ती पटकन लक्षातच येत नाही. एमआरआय असेल तर एका बाजूला व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवून स्कॅन करा, पांढरा ठिपका दिसतो, विषय संपला.

सगळ्यात मोठी चूक रजिस्ट्रेशनची, म्हणजे मॉडेल पेशंटच्या अंगावर जुळवण्याची. मार्कर (अंगावर लावलेल्या खुणा) छान जुळले, एरर कमी आला, पेपरमध्ये तोच आकडा टाकला. अहो, तो मार्करवरचा एरर झाला, टार्गेटजवळचा, म्हणजे गाठीजवळचा, नाही! सगळे मार्कर चेहऱ्यावर लावले आणि टार्गेट डोक्याच्या मागच्या बाजूला असेल तर मार्करवर सगळं मस्त दिसेल आणि आत मॉडेल सरकलेलं असेल. मार्कर एका रेषेत नको, टार्गेटच्या भोवती पसरून लावा, आणि फँटममध्ये (शरीराच्या नकली मॉडेलमध्ये) टार्गेटपाशी वेगळा पॉइंट ठेवून तिथला एरर मोजा.

समोरून बरोबर पण बाजूने सरकलेलं दिसतंय, तर खोलीचा, म्हणजे डेप्थचा, प्रॉब्लेम आहे. होलोलेन्सचा (मायक्रोसॉफ्टचा एआर हेडसेट) फोकस साधारण २ मीटरवर फिक्स असतो, सर्जनचे हात मात्र अर्ध्या मीटरवर, त्यामुळे डोळे फसतात. दोन-तीन कोनांतून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फँटमवरचा रिझल्ट पेशंटला लावू नका, लिव्हर श्वासाबरोबर हलतं, आणि पाठीच्या ऑपरेशनला पेशंट पालथा असतो, सीटी मात्र सहसा उताणा झोपवून काढलेला.

डेटा शेअर करताना नाव काढलं म्हणजे झालं असं नाही, डोक्याच्या सीटीवरून चेहरा परत बनवता येतो, म्हणून चेहऱ्याचा भागही पुसा.

आणि सगळा कोड एकाच हेडसेटला बांधू नका. होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालं, ओपनएक्सआरवर, म्हणजे वेगवेगळ्या हेडसेटसाठीच्या कॉमन स्टँडर्डवर, लिहिलं असेल तर दुसऱ्या डिव्हाइसवर न्यायला कमी त्रास होईल.